अँजिओप्लास्टी झाली, आता सिगारेटचं काय?

अँजिओप्लास्टी होऊन घरी आल्यापासून भेटायला येणारा जो तो तेच विचारतो. दुखतं का? भूल देतात का? किती वेळ लागतो? खर्च किती आला? मी सगळ्यांना सविस्तर सांगतो, कारण विचारणाऱ्याच्या घरात बहुतेक वेळा कुणाच्या तरी छातीचं दुखणं चालू असतं. पण सिगारेट कशी सुटली, हे विचारणारा विरळाच. मला मुख्यतः तेच सांगायचंय. हृदयाची बंद पडलेली नळी डॉक्टरांनी तासाभराच्या आत उघडली. सिगारेटवरचा इलाज त्यानंतर कितीतरी महिने चालला, आणि तोही इलाजच होता. त्यालाही औषध होतं, डॉक्टर होते, तपासणीच्या तारखा होत्या.

मी गोव्यातल्या डिचोलीचा. वीज खात्यात नोकरी, वय सत्तेचाळीस. विशीत हातात आलेली सिगारेट पुढे दिवसाला एका पाकिटापर्यंत गेली. मधुमेह नाही, घराण्यात हृदयविकार नाही, कोलेस्टेरॉल थोडंसं वर. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे गोमेकॉत, डॉक्टरांनी एकेक कारण विचारत कागदावर खुणा केल्या, तेव्हा ठळक असं एकच उरलं.

पहाटे जाग आली ती जबडा आवळल्यामुळे. सिनेमात दाखवतात तशी छातीत कळ नव्हती. खालचा जबडा, डावा खांदा, तिथून कोपरापर्यंत जडपणा, आणि घाम. पंखा जोरात चालू होता तरी बनियन अंगाला चिकटलं होतं. आदल्या रात्री नाटकाच्या तालमीनंतर मिरचीभजी झाली होती, म्हणून मला पित्त वाटलं. मी लिंबूपाणी मागितलं. बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शेजारच्या मुलाला गाडी काढायला सांगून आली. "अहो, लिंबूपाणी तिथे जाऊन प्या," एवढंच ती म्हणाली. त्या एका निर्णयामुळे माझ्या हृदयाचा किती भाग वाचला हे मला नंतर ईको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करताना कळलं.

डिचोलीच्या सामुदायिक आरोग्य केंद्रात पोचताच ईसीजी काढला. डॉक्टर मुलगी होती, माझ्या भाचीच्या वयाची. पट्टी हातात घेऊन तिने काही न बोलता मोबाइलवर फोटो काढला आणि गोमेकॉच्या हृदयरोग विभागाला पाठवला. ईसीजीतला एसटी नावाचा भाग वर उचलला गेला असेल तर हृदयाची एखादी रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद झाली, असं समजतात. त्यालाच स्टेमी म्हणतात. अशा वेळी थेट कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, नेऊन नळी उघडणं सगळ्यांत उत्तम, पण ते लवकरात लवकर व्हायला हवं. कॅथलॅब लांब असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी देतात आणि मग रुग्णाला हलवतात. गोव्यात सरकारने गावोगावची आरोग्य केंद्रं बांबोळीशी जोडली आहेत ती याचसाठी.

मला ऍस्पिरिन चावून खायला लावली. मग क्लोपिडोग्रेलच्या चार गोळ्या एकदम. त्यानंतर प्रश्नांची फैर झडली: अलीकडे शस्त्रक्रिया? डोक्याला मार? पक्षाघात? कुठून रक्तस्राव? सगळ्याला नाही म्हटल्यावर वजन विचारलं आणि टेनेक्टेप्लेजचं, म्हणजे गुठळी विरघळवणारं, इंजेक्शन शिरेतून दिलं. हे वजनावर ठरतं आणि एकाच वेळी देऊन होतं. बाजारात महाग आहे. मला फुकट मिळालं. एकशे आठची रुग्णवाहिका दारात उभीच होती. आडवा पडून रस्ता दिसत नव्हता, पण वळणांवरून कळत होतं. आमोण्याचा पूल, खांडोळा, माशेल, मग बाणस्तारीचा पूल. बाणस्तारीच्या आसपास कधीतरी जबडा सैल झाला. सोबतच्या माणसाला सांगितलं तर त्याने लगेच पुन्हा ईसीजी काढला आणि हसून म्हणाला, "काका, इंजेक्शन लागू पडलंय."

गोमेकॉच्या हृदयरोग अतिदक्षता विभागात ती रात्र गेली. झोप लागली नाही. छातीवर वायरी, बोटाला चिमटा, दंडाला दर थोड्या वेळाने फुगणारा पट्टा. आजूबाजूच्या खाटांवर माझ्यासारखेच. रात्रपाळीच्या सिस्टरने माझा कागद भरताना विचारलं, "शेवटची सिगारेट कधी?" मी म्हटलं, काल रात्री, तालमीनंतर. ती लिहिता लिहिता म्हणाली, "म्हणजे सोडायला सुरुवात झाली तुमची. आता इथून मोजा." त्या वेळी मला ते धीर देण्यापुरतं वाटलं. नंतर डॉक्टरांनी त्यामागचं कारण सांगितलं. सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट धरतो. त्यामुळे आधीच उपाशी असलेल्या हृदयाला ऑक्सिजन आणखी कमी मिळतो. सिगारेट थांबली की दिवसाभरात तो रक्तातून जवळजवळ निघून जातो. म्हणजे मी कॅथलॅबमध्ये गेलो तेव्हा माझ्या रक्तात तो विषारी वायू राहिलाच नव्हता, आणि त्यासाठी मला काहीही करावं लागलं नव्हतं. अतिदक्षता विभागात कुणी सिगारेट देत नाही. सोडायचीच असेल तर यासारखी वेळ पुन्हा मिळत नाही, असं मला आज ठामपणे वाटतं. पहिले सगळ्यांत अवघड दिवस तिथे सक्तीने पार पडतात.

दुसऱ्या दिवशी कॅथलॅब. मनगट आणि जांघ दोन्ही साफ केली, मनगटातून जमलं नाही तर जांघेची वाट तयार असावी म्हणून. संमतीपत्रावर मी आणि बायकोने सह्या केल्या. आतली खोली कमालीची थंड. टेबल अरुंद, जेमतेम पाठ मावेल इतकं. डॉक्टर, टेक्निशियन सगळ्यांच्या अंगावर जड शिशाचे एप्रन. पूर्ण भूल देत नाहीत, माणूस जागा असतो. मनगटावर एक बारीक इंजेक्शन, तो भाग बधिर झाला की तिथून एक छोटी नळी धमनीत. त्यातून औषध सोडलं तेव्हा हात खांद्यापर्यंत जळजळला. धमनी आकसू नये म्हणून ते देतात. मग काही नाही. मनगटातून हृदयापर्यंत तार जाते आणि आतून काहीही कळत नाही, हे मला अजून नवलाचं वाटतं.

छातीवर मोठं यंत्र कधी डावीकडे, कधी उजवीकडे झुकत होतं. "श्वास घ्या, रोखा... सोडा." डाय, म्हणजे नसा पडद्यावर दाखवणारं द्रव, सोडला की डाव्या बाजूच्या पडद्यावर माझ्या नसा काळ्या रेषांनी उमटायच्या आणि विरायच्या. डॉक्टरांनी मान वळवून दाखवलं. हृदयाच्या पुढच्या भिंतीवरून खाली उतरणारी एलएडी नावाची मोठी नस, आणि तिच्या वरच्या टप्प्यात एके ठिकाणी रेषा दोऱ्याइतकी बारीक. गुठळी इंजेक्शनने विरघळली होती, पण जिच्यावर ती धरली होती ती चरबीची फुटलेली गाठ तिथेच होती. तार पलीकडे गेली, फुगा आत गेला. "आता थोडं दुखेल," म्हणाले. फुगा फुगवला आणि पहाटेचा तोच जबडा, तोच खांदा परत आला. मी घाबरलो. फुगा सोडला आणि दुखणं ओसरलं. त्या काही क्षणांत मला शरीरातलं ते नेमकं ठिकाण कळलं. मग स्टेंट, नस उघडी धरणारी बारीक जाळी. शेवटच्या डायने ती नस रुंद, सलग वाहताना पडद्यावर दिसली, आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं.

मनगटावर हवा भरलेला पारदर्शक पट्टा बांधला. त्यातली हवा सिस्टर थोड्या थोड्या वेळाने सिरिंजने काढत होत्या. खर्चाचं विचारणाऱ्यांसाठी: दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड होतं, मला खिशातून फारसं काही घालावं लागलं नाही. स्टेंटच्या किमतीवर केंद्राने २०१७ मध्ये मर्यादा घातली, तेव्हापासून बाहेरही तो पूर्वीइतका महाग राहिलेला नाही.

संध्याकाळी एक नातेवाईक भेटायला आला. त्याने मोबाइलवर काहीतरी वाचलेलं होतं. म्हणाला, "अरे, सिगारेटवाले अटॅकमधून उलट लवकर बरे होतात, तसं सिद्ध झालंय." राउंडला आलेल्या डॉक्टरांनी ते ऐकलं आणि खुर्ची ओढून बसलेच. त्यांनी जे समजावलं ते मी जमेल तसं सांगतो, कारण ही गोष्ट अजूनही फिरते आणि तिच्यावर विश्वास ठेवून माणसं पुन्हा सिगारेट पेटवतात.

जुन्या अभ्यासांत खरंच असं दिसलं होतं, की अटॅकनंतर दवाखान्यात मरणाऱ्यांमध्ये सिगारेट ओढणारे कमी आहेत. त्याला नावही पडलं, स्मोकर्स पॅरॉडॉक्स. पण खोलात गेल्यावर कळलं, सिगारेट ओढणाऱ्याला अटॅकच मुळी दहाएक वर्षं आधी येतो. पासष्टीच्या माणसाला मधुमेह असतो, मूत्रपिंडं थकलेली असतात, नसा जागोजागी अरुंद झालेल्या असतात. सिगारेटवाला पंचेचाळिशीत येतो. त्याच्या नसा तितक्या खराब नसतात, पण रक्तातल्या चपट्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, चिकट झालेल्या असतात, त्यामुळे छोट्याशा गाठीवरही मोठी गुठळी धरते. ती गुठळी इंजेक्शनने सहज विरघळते. म्हणून तो वाचतो. तो वाचतो त्याच्या वयामुळे. वय आणि बाकीचे आजार हिशेबात धरले की सिगारेटचा हा फायदा उरत नाही. डॉक्टर नातेवाइकाला म्हणाले, "हे तुमचे भाऊ साठीला इथे यायचे, ते सत्तेचाळिसाव्या वर्षी आले. त्यात फायदा कसला?"

मग माझ्याकडे वळून स्टेंटचं सांगितलं. स्टेंट म्हणजे धातूची जाळी, तिच्यावर औषधाचा लेप. नसेच्या आतल्या आवरणाच्या पेशी हळूहळू जाळीवर पसरून तिला झाकतात, तोवर उघड्या धातूवर गुठळी धरण्याची भीती असते. म्हणून ऍस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही, साधारण वर्षभर, एक दिवसही न चुकवता. सिगारेट नेमकी या दोन्हींच्या उलट काम करते. ती आतलं आवरण दुखावते आणि चपट्या पेशी चिकट करते. शिवाय माझा स्टेंट एलएडीच्या एका तुकड्यात आहे. उजवी नस, मागची नस यांना स्टेंट नाही, पण धूर मात्र सगळीकडे तोच जातो. मला लाइनमनला हे लगेच पटलं: जळालेला तुकडा बदलला आणि लोड तोच ठेवला, तर पुढचा जोड जळणारच.

सगळ्यांत मनात बसलं ते एक प्रमाण. हृदयाचा झटका आल्यानंतर सिगारेट सोडणाऱ्यांमध्ये मृत्यू, चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. घरी जाताना मिळालेल्या गोळ्यांपैकी एकेकीचा फायदा किती, हे मी नंतर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, यापेक्षा मोठा फायदा देणारी गोळी माझ्याकडे नाही. तेव्हापासून मी सिगारेट न ओढण्याला गोळीच मानतो. सकाळची, दुपारची, रात्रीची.

घरी आल्यावरचे पहिले आठवडे वाईट होते, हे लपवून उपयोग नाही. दवाखान्यात भीतीने तलफ दबलेली होती, ती घरी मोकळी झाली. झोप तुटायची. पोट साफ व्हायचं नाही. खोकला कमी व्हायचा तो वाढला. छाती स्वतःला साफ करते तेव्हा असं होतं, असं कळलं. चहाचा कप हातात आला की दुसरा हात आपोआप खिशाकडे जायचा. मुलगी काही विचारायला आली तरी मी तोडून बोलायचो, आणि ती बिचारी मागे सरायची. यालाच निकोटीनची उतरण म्हणतात. पहिला आठवडा सगळ्यांत कठीण, पुढच्या तीन-चार आठवड्यांत ती ओसरत जाते.

पहिल्या तपासणीला मी हे सगळं सांगितलं. मनाचा निग्रह कर, असं डॉक्टर म्हणाले नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. त्यांनी विचारलं, "उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागायची?" हो म्हटलं. लागत असेल तर व्यसन घट्ट आहे असं समजतात आणि औषधाची मात्रा त्यावरून ठरते. अटॅकच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत निकोटीनचं औषध जपून देतात. माझी तब्येत स्थिर पाहून त्यांनी निकोटीनची च्युइंगम लिहून दिली. ती साध्या च्युइंगमसारखी चघळत राहायची नाही. हळू चावायची, तोंडात तिखट चुरचुर सुटली की गालात दाबून ठेवायची, चुरचुर गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायची. तिच्या आधी पाव तास चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही. हे कुणी न सांगितल्याने कितीतरी लोक उचकी लागली, घसा जळला म्हणून ती फेकून देतात. औषधं आणखीही आहेत, पण आपल्या मनाने दुकानातून काहीही घेऊ नये. हृदयाच्या गोळ्या चालू असताना तर मुळीच नाही.

केंद्र सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत हेल्पलाइन आहे. मी फोन केला. पलीकडच्या बाईंनी मला सिगारेटच्या वेळा लिहून काढायला लावल्या. चहा, जेवण, लाइनवरचं काम संपवून खाली उतरल्यावर, आणि तालीम. प्रत्येकीपुढे त्या वेळी हाताला दुसरं काय देणार ते लिहायचं. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढ्यापुरतं जागेवरून उठायचं. चहा मी सहा महिने सोडलाच. जेवल्यावर बायको आणि मी मयेच्या रस्त्याने चालून येऊ लागलो. चालणं डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

अडचण होती ती तालमीची. आमच्याकडे देवळाच्या उत्सवाला गावातल्याच लोकांनी मराठी नाटक करायची रीत आहे. मी बरीच वर्षं प्रॉम्प्टर. तालीम रात्री जेवणानंतर देवळाच्या मंडपात सुरू होते आणि पहिल्या अंकानंतर मध्यंतर असतं. मध्यंतरात सगळे बाहेर चहाच्या गाड्यावर. दवाखान्यानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा मित्राने सवयीने पाकीट पुढे केलं, मग त्याच्या लक्षात आलं आणि तो वरमला. दुसरा म्हणाला, "अरे, एखादी ओढलीस तर काय होतंय? पाकीट थोडंच ओढतोयस?" मला याचं उत्तर ठाऊक होतं, मी शांतपणे दिलं. रोज एक सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो रोज वीस ओढणाऱ्याच्या धोक्याच्या जवळपास निम्मा असतो. वीसवरून एकावर आलो म्हणजे धोका विसावा हिस्सा झाला, असं नाही. फुप्फुसांच्या कर्करोगाचं गणित वेगळं असेल, हृदयाचं हे असं आहे. "कमी करतो" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो.

त्या रात्री मी मंडपातच थांबलो. वहीत दुसऱ्या अंकाची पानं लावली, ज्यांची वाक्यं अडखळत होती त्यांच्या खुणा केल्या. च्युइंगम गालात. पुढे आमच्या दिग्दर्शकांनी, जे गावात सगळ्यांचे मास्तर, आपणहून ठरवून टाकलं की मध्यंतरातला चहा मंडपातच येईल आणि मंडपाच्या परिसरात धूर नको. तसं पाहिलं तर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी करणारा कायदा गोव्याने १९९७ मध्येच केला, देशाचा कायदा त्यानंतर २००३ मध्ये आला. तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचं प्रमाणही २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत सर्वांत कमी गोव्यातच होतं: ९.७ टक्के, देशात २८.६. हा अभिमानाचा आकडा आहे. पण त्या ९.७ टक्क्यांमधली माणसं मला अतिदक्षता विभागात शेजारच्या खाटांवर भेटली, म्हणून मला त्यावर समाधान मानता येत नाही.

त्यातलाच एक होंडा गावचा. माझ्या शेजारची खाट, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, विडीवाला. त्याचा स्टेंट उजव्या नसेत. त्याला मी भाऊ म्हणतो. दर पंधरवड्याला फोन होतो. सुरुवातीला सोडली होती, मग काजूच्या हंगामात बागेत मजूर आले, त्यांच्याबरोबर पुन्हा दोन-तीन सुरू झाल्या. विडी पानाची असते, सिगारेटइतकी वाईट नसते, असं तो म्हणतो. विडीत तंबाखूच असतो, कार्बन मोनॉक्साइड तसाच निघतो, आणि विझू नये म्हणून ती जास्त वेळा, जोरात ओढावी लागते. हे मी त्याला तीनतीनदा सांगून पाहिलं. सांगून होत नाही, हे मला माझ्यावरूनच माहीत आहे. त्याने डॉक्टरांपुढे हे अजून काढलेलंच नाही. "रागावतील," म्हणतो. रागावणार नाहीत, औषध लिहून देतील. पण ते त्याला समोर बसूनच कळेल.

माझी पुढची ओपीडीची तारीख बदलून मी त्याच्या तारखेला घेतली आहे. सकाळच्या बसने तो डिचोलीला उतरेल, तिथून माझ्या गाडीने बांबोळीला. जाताना त्याने आपल्या विडीच्या वेळा सांगायच्या आणि मी कागदावर उतरवून घ्यायच्या, असं ठरलंय.